पिवळा रंग देण्याआधी फेरफार छापा

प्रति,
मा. प्रधान सचिव, नगरविकास विभाग, मंत्रालय, मुंबई,
मा. संचालक, नगररचना, महाराष्ट्र राज्य, पुणे,
आणि प्रादेशिक व विकास योजनांवरच्या हरकती ऐकणाऱ्या नियोजन समित्यांचे सर्व सदस्य

विषय : शेती विभागातील जमिनी बंगलो प्लॉटसाठी रहिवास विभागात घेण्याबाबत.

महोदय,

वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर, हरवलेल्या शेअर सर्टिफिकेटांच्या आणि नाव बदलल्याच्या जाहिरातींना खेटून, तुमच्या खात्याची सूचना छापून येते. मौजे अमुक, तालुका तमुक, गट क्रमांक इतका, क्षेत्र इतके हेक्टर इतके आर, शेती विभागातून वगळून रहिवास विभागात समाविष्ट करण्याचे प्रस्तावित आहे. महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियमाचे, प्रादेशिक योजना असेल तर कलम २०, विकास योजना असेल तर कलम ३७. हरकतींना महिनाभराची मुदत. नकाशा कार्यालयीन वेळेत पाहायला मिळेल. त्यात शेती हिरवी असते, रहिवास पिवळा. सूचनेत गाव असते, गट असतो, क्षेत्र असते, कधी कधी अर्जदाराचे नावही असते. ती जमीन या माणसाकडे कधी आली आणि कोणत्या कागदाने आली, एवढे मात्र नसते. हे पत्र त्या न छापलेल्या ओळीसाठी आहे.

आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढचे वाचताना गैरसमज नको. शेतीचे गोडवे गाणाऱ्यांपैकी मी नाही. कृषी गणनेप्रमाणे १९७०-७१ साली महाराष्ट्रात सरासरी खातेदाराकडे ४.२८ हेक्टर जमीन होती, २०१५-१६ मध्ये ती १.३४ हेक्टर झाली. म्हणजे आजोबांकडे साडेदहा एकर असतील तर नातू सव्वातीन एकरांवर आला, आणि त्यातही विहीर चुलत्यांबरोबर सामाईक. अशा माणसाने जमीन विकून मुलांचे शिक्षण केले, शहरात गाळा घेतला, तर त्याला ‘काळी आई’ची आठवण करून देण्याचा अधिकार मला नाही आणि तुम्हालाही नाही. लोकांना घरे हवीत हेही उघड आहे. ती कुठल्या तरी जमिनीवरच उभी राहणार.

पण विभाग बदलण्याच्या प्रस्तावात ‘शेतकऱ्यांची मागणी’ असे लिहून येते, तेव्हा तो शेतकरी बहुतेक वेळा त्या जमिनीतून केव्हाच उठलेला असतो.

हे कसे होते ते तुम्हाला माहीत आहे, तरी एकदा कागदावर यावे म्हणून लिहितो. रस्ता रुंद होणार किंवा हद्दवाढ होणार अशी कुणकुण लागली की गावात गाड्या फिरू लागतात. आधी विसार पावती होते. मग साठेखत, म्हणजे पुढे विकण्याचा करार, आणि त्याच्याबरोबर कुलमुखत्यारपत्र. त्यातले काही नोंदवलेले, काही नुसते नोटरीपुढचे. खरेदीखत मुद्दाम होत नाही. सातबाऱ्यावर नाव जुन्याच मालकाचे राहते, कारण तेच नाव अर्जावर शोभून दिसते. जमीन शेतीच्या भावाने ठरलेली असते, पैसे हप्त्याहप्त्याने पोचत असतात, आणि शेवटचा हप्ता ‘झोन झाल्यावर’. सुनावणीला म्हातारबुवांना गाडीत घालून आणतात, ते सांगितलेले बोलतात, सही किंवा अंगठा करतात. आदेश निघतो, नकाशावर हिरव्याचे पिवळे होते, आणि त्या एका सहीने जमिनीच्या भावात जो फरक पडतो तो म्हातारबुवांच्या घरात जात नाही. आयत्या बिळावर नागोबा म्हणतात तो प्रकार. फक्त इथे बीळ सरकार खणून देते.

गंमत अशी की, ज्याच्या नावावर शेतजमीन नाही अशा शिक्षकाला किंवा परिचारिकेला दोन एकर घेऊन खरोखर शेती करायची असेल तर कूळ कायद्याचे कलम ६३ आडवे येते. बिगरशेतकऱ्याला शेतजमीन विकत घेता येत नाही. शेती मोडून प्लॉट पाडणाऱ्याची मात्र कुठेच अडचण होत नाही. भागीदारीत एखादा सातबारा असलेला माणूस घेतला की काम भागते.

एक दूरचे उदाहरण देतो, कारण तिथे हीच ओळ छापली गेली आणि सरकारला माघार घ्यावी लागली. कॅनडातल्या ऑन्टारिओ प्रांताने २००५ साली टोरांटोभोवतीची शेतजमीन आणि जंगल राखण्यासाठी हरित पट्टा आखला. २०२२ च्या अखेरीस तिथल्या सरकारने घरांच्या टंचाईचे कारण सांगून त्यातली ७,४०० एकर जमीन वगळली. पुढच्या ऑगस्टमध्ये प्रांताच्या महालेखापालांनी अहवाल दिला : या निर्णयाने जमीनमालकांना ८.३ अब्ज डॉलरचा फायदा होऊ शकतो, आणि जमिनी निवडण्याच्या प्रक्रियेवर काही विकासकांचा थेट प्रभाव होता. काही जमीन तर निर्णयाच्या थोडेच आधी खरेदी झाली होती. सप्टेंबर २०२३ मध्ये गृहनिर्माण मंत्र्यांनी राजीनामा दिला आणि त्याच महिन्यात जमिनी पट्ट्यात परत घेण्याचे जाहीर झाले. घरांची टंचाई तिथेही खोटी नव्हती. फक्त कोणी केव्हा घेतले हे लोकांसमोर आल्यावर ‘घरांसाठी’ हा शब्द पुरेना.

आपल्याकडे ही माहिती मिळवायला चौकशी आयोग लागत नाही. फेरफार, म्हणजे मालकी बदलाच्या नोंदी, महसूल खात्याकडे आहेत आणि ते संगणकावर आहेत. नोंदवलेल्या साठेखताची सूची क्रमांक दोन, म्हणजे दस्ताचा गोषवारा, नोंदणी खात्याकडे आहे. सूचनेबरोबर त्या गटाचे गेल्या दहा वर्षांतले फेरफार आणि सूची दोनचे उतारे जोडायचे, आणि नोटरीपुढे झालेल्या कागदांसाठी अर्जदाराकडून प्रतिज्ञापत्र घ्यायचे की या जमिनीत अन्य कोणाचा हितसंबंध नाही, असल्यास हा असा आहे. खोटे निघाले तर मंजुरी आपोआप रद्द. एवढे केले तरी माझा अंदाज आहे की अर्ध्याअधिक प्रस्ताव टेबलावर यायचेच थांबतील.

आता पाण्याकडे येतो. या पत्रात मला सर्वांत जास्त बोलायचे आहे ते याच्यावर.

१९९९ साली माधवराव चितळे यांच्या अध्यक्षतेखालच्या जल व सिंचन आयोगाने हिशेब मांडला होता. राज्यातल्या २२५ लाख हेक्टर लागवडयोग्य जमिनीपैकी, सगळे धरण-कालवे-विहिरी धरून, जास्तीत जास्त १२६ लाख हेक्टर भिजू शकेल. बाकीची जमीन कायमची पावसाच्या भरवशावर. म्हणजे पाटाच्या पाण्याखाली आलेली जमीन या राज्यात सोन्यासारखी मोजून ठेवायला हवी. आणि प्लॉटिंग नेमके तिथेच होते. कारण सरळ आहे. जमीन सपाट असते, कालव्याच्या कडेने रस्ता असतो, बोअरला पाणी लागते, आणि जाहिरातीत ‘कॅनॉल टच’ लिहिता येते. माळ ओस राहतो आणि मळ्यात बंगले उठतात. खरे तर घरालाही माळच सोसतो. काळी जमीन पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आकसून भेगाळते. पाया मुरुमापर्यंत नेला नाही तर दोन-तीन वर्षांत भिंतींना तडे जातात. इंजिनिअर हे पहिल्या दिवशी सांगतो. प्लॉट विकणारा सांगत नाही.

त्या पाण्याची किंमत कोणी दिली तेही आठवून पाहा. पानशेत, वरसगाव, पवना, चासकमान, कोयना, उजनी. प्रत्येक धरणाखाली गावे गेली. पुनर्वसन कायद्याने सांगितले की ज्यांच्या जमिनीला पाणी मिळणार, त्यांच्यातल्या मोठ्या खातेदारांनी ठरावीक मर्यादेवरची जमीन धरणग्रस्तांसाठी सोडावी. म्हणून लाभक्षेत्रातल्या सातबाऱ्यांवर इतर हक्कात ‘पुनर्वसनासाठी राखीव’ असे शेरे पडले. काही धरणग्रस्त अजून पर्यायी जमिनीसाठी कार्यालयांच्या पायऱ्या झिजवत आहेत. आणि ज्या पाण्यासाठी त्यांची घरे बुडाली, त्या पाण्याखालची जमीन शनिवार-रविवारच्या बंगल्यांसाठी मोकळी करण्याच्या सूचना निघत आहेत. विभाग बदलताना जलसंपदा खात्याचा अभिप्राय मागवला जातो, हे मला ठाऊक आहे. तो अभिप्राय सूचनेबरोबर का छापला जात नाही?

एका गटाचे उदाहरण सांगतो. नाव-गाव सांगत नाही, कारण असे गट तुम्हाला हव्या त्या तालुक्यात सापडतील. वितरिकेवरून, म्हणजे कालव्याच्या फाट्यावरून, एक शेतचारी (शेतांना पाणी नेणारा छोटा पाट) सात-आठ शेतांतून टेलकडे, म्हणजे शेवटच्या शेतांकडे, जात होती. मधली चार एकरे प्लॉटिंगला गेली. आठवडाभरात जेसीबीने बांध सपाट केले, मुरुमाचा रस्ता झाला, चुन्याच्या रेषा पडल्या, सिमेंटचे खांब रोवून तारेचे कुंपण झाले, आणि कमानीवर दिव्यांची माळ लागली. चारी रस्त्याखाली गेली. तिच्या जागी सहा इंची पाइप टाकला, तोही वरच्या उताराला. पुढच्या आवर्तनात, म्हणजे पाणी सोडण्याच्या पाळीत, पाणी कमानीपर्यंत आले आणि तिथेच साचले. खालच्या चार खातेदारांच्या उसाला ते पोचलेच नाही. त्यांनी पाणीवापर संस्थेकडे तक्रार केली. संस्था म्हणाली, पाटबंधारे शाखेत जा. शाखा म्हणाली, जमीन आता बिगरशेती आहे, महसुलात जा. तिथे सांगितले की मामलेदार न्यायालय अधिनियमाखाली दावा लावा. दावा लागला, तारखा पडल्या. दोन हंगाम कोरडे गेल्यावर त्या चौघांपैकी दोघांनी विसार घेतला. घेणारा अर्थातच तोच होता.

म्हणून ‘ज्याला विकायचे नाही त्याने विकू नये’ हे उत्तर कृपा करून देऊ नका. शेतीत शेजार फार असतो. पाट, विहिरीतला हिस्सा, वहिवाटीचा रस्ता, ओढ्याचे पाणी, यातले एकही गटाच्या हद्दीत थांबत नाही. एका गटाचा रंग बदलला की शेजारच्या दहा गटांचे भवितव्य ठरते. तुमची सूचना मात्र एकाच गटाची असते. शेजाऱ्यांना वेगळी नोटीस जात नाही. बिल्डिंगमधल्या एका सदनिकेत भिंत पाडायची तर सोसायटीची परवानगी लागते, इथे आख्खा पाट पाडायला कोणाची लागत नाही.

आता बंगल्यांचा हिशेब. घरांची टंचाई हे कारण असेल तर हिशेब घरांतच मांडू. एक एकर म्हणजे ४३,५६० चौरस फूट, म्हणजे ४० गुंठे. अंतर्गत रस्ते, मोकळी जागा आणि कोपरे-कापरे वजा जाता विकायला उरतात साधारण २६,००० चौरस फूट. दोन-दोन गुंठ्यांचे प्लॉट पाडले तर बारा. म्हणजे एका एकरात बारा कुटुंबे, तीही सगळी राहायला आली तर. त्याच निव्वळ जागेवर मूळ चटईक्षेत्र निर्देशांक (एफएसआय, म्हणजे जागेच्या किती पट बांधकाम करता येते) १.१ धरून, तळमजला अधिक तीन अशा साध्या इमारती बांधल्या, तर सहाशे फुटांची पंचेचाळीसच्या आसपास घरे होतात. उंच टॉवर नको, लिफ्टही नाही बांधली तरी चालेल. म्हणजे बंगल्यांसाठी पिवळी केलेली दर चार एकरे ही तीन एकर शेती उगाच खाल्ल्यासारखी आहे.

आणि राहायला कोण येते? संध्याकाळी कुठल्याही अशा प्लॉटिंगमध्ये फिरून पाहा. शंभर प्लॉटमध्ये दिवा लागतो तो मोजक्या घरांत. बाकीच्यांत कुंपण, एक नारळाचे रोप आणि मालकाच्या आडनावाची पाटी. त्या जमिनीत आता पीकही नाही आणि माणूसही नाही. ती गुंतवणूक आहे. सरकारी नोंदीत मात्र ती ‘रहिवास’ म्हणून मोजली जाते, आणि पुढच्या योजनेत घरांची गरज ठरवताना हे रिकामे पिवळे क्षेत्र कोणी वजा करत नाही.

बारा बंगल्यांना रस्ता, दिवे, गटार, कचरागाडी लागते तेवढीच लांब लागते जेवढी पंचेचाळीस घरांना लागली असती. ग्रामपंचायतीला ते जमत नाही, मग पाण्याचा टँकर येतो. नंतर हद्दवाढ होते आणि सगळे ओझे महापालिकेच्या गळ्यात. वरातीमागून घोडे. पुण्यात २०१७ साली ११ आणि २०२१ साली २३ गावे महापालिकेत आली. २०२५ च्या जानेवारीत सिंहगड रस्त्यालगतच्या किरकटवाडी, नांदेड, धायरी या भागात गुलेन-बारी सिंड्रोम या नसांच्या आजाराचे रुग्ण वाढले, केंद्राचे पथक आले, आणि बोट पाण्याकडे गेले. घरे आधी आणि शुद्ध पाणी मागून, या क्रमाची किंमत कशी चुकवावी लागते हे तेव्हा सगळ्यांनी पाहिले. ओढ्यांबद्दल वेगळे लिहीत नाही. २५ सप्टेंबर २०१९ ची पुण्यातल्या आंबिल ओढ्याच्या पुराची रात्र तुमच्याही लक्षात असेल.

यावर नेहमीचे उत्तर असते की रहिवास विभाग वाढवला नाही तर लोक बेकायदा गुंठे घेतात, त्यापेक्षा कायदेशीर केलेले बरे. यात तथ्य आहे. गुंठा-दीड गुंठा घेणारा माणूस सट्टेबाज नसतो. तो एमआयडीसीत कंत्राटावर असतो, रिक्षा चालवतो. सदनिका परवडत नाही म्हणून तो दहा जणांबरोबर अकरा गुंठ्यांचे सामाईक खरेदीखत करतो आणि सातबाऱ्यावर अकरा नावांत आपले नाव बघून समाधान मानतो. ठरावीक मर्यादेहून लहान तुकडे विकायला मनाई करणारा तुकडेबंदी कायदा १९४७ चा. त्यातून वाट काढायला ही अकरा नावांची युक्ती निघाली, आणि प्रत्येक दुय्यम निबंधक कार्यालयाच्या बाहेरचा एजंट ती तोंडपाठ सांगतो. या माणसाचे घर पाडा असे मी म्हणणार नाही.

पण तुमचे नियमितीकरण त्याच्यापर्यंत थांबते का, ते पाहा. गुंठे पाडून झालेल्या वस्त्या नियमित करणारा गुंठेवारी कायदा २००१ चा. मुदत होती १ जानेवारी २००१ पर्यंतच्या बांधकामांची, २०२१ मध्ये ती ३१ डिसेंबर २०२० पर्यंत आणली. तुकडेबंदी मोडून झालेले व्यवहार नियमित करायला २०१७ साली बाजारमूल्याच्या २५ टक्के भरायचे होते. २०२४ मध्ये ते ५ टक्के झाले. २०२५ च्या नोव्हेंबरातल्या अध्यादेशाने १५ नोव्हेंबर १९६५ ते १५ ऑक्टोबर २०२४ या काळातल्या व्यवहारांना काहीच भरायला नको असे केले. पंचवीस, पाच, शून्य. प्लॉट विकणाऱ्याने यातून काय शिकावे? तो गिऱ्हाईकाला सांगतो, ‘साहेब, आज ना उद्या सरकार नियमित करतंच’, आणि त्याचे चुकत नाही. ज्याने २०१७ साली कर्ज काढून २५ टक्के भरले तो एकटाच मूर्ख ठरला.

पुणे महानगर प्रदेशाच्या विकास आराखड्याचेही तसेच. प्रारूप २०२१ साली प्रसिद्ध झाले, त्यावर साठ हजारांहून जास्त हरकती आल्या, चार वर्षे घोंगडे भिजत पडले आणि २०२५ मध्ये तो आराखडाच रद्द करायचे ठरले. मधल्या काळात ‘प्रस्तावित आर-झोन’ (रहिवास विभाग) अशा पाट्या लावून जे प्लॉट विकले गेले, त्यांच्या मालकांनी आता कोणाकडे जायचे? रद्द झालेल्या आराखड्यावरच्या हरकतींत एक गोष्ट मला खटकली ती अशी की, ‘आमची जमीन हिरवी ठेवा’ म्हणणाऱ्यांपेक्षा ‘आमचीही पिवळी करा’ म्हणणाऱ्यांचाच आवाज मोठा होता. शेजाऱ्याची झाली, माझी का नाही? त्यांना दोष देता येत नाही. रंगाची लॉटरी ठेवली की तिकीट सगळेच मागतात.

गावात राहणाऱ्याच्या घराचा प्रश्न वेगळा आहे आणि तो तुम्ही वेगळाच ठेवायला हवा. गावठाणाची हद्द कित्येक ठिकाणी पिढ्यान्‌पिढ्या हललेली नाही. तीन भावांपैकी दोघांनी मळ्यात घर बांधले तर ते कागदावर शेतीच्या जमिनीवरचे, म्हणून बँक कर्ज देत नाही. जमीन महसूल संहितेत २०१७ साली कलम ४२-ड आणून गावठाणापासून २०० मीटरपर्यंतची वाट थोडी मोकळी केली, हे चांगले झाले. पण त्या वाटेनेही आधी घुसले ते प्लॉटिंगवालेच, कारण नियमात ‘स्वतः राहण्यासाठी’ आणि ‘विकण्यासाठी’ हा फरक नाही. केरळने हा फरक केला आहे. २००८ च्या भातशेती व पाणथळ जमीन संवर्धन कायद्याने तिथे भातखाचरे बुजवायला बंदी आहे. पण ज्याच्याकडे दुसरी योग्य जागा नाही अशा मालकाला स्वतःच्या घरासाठी ग्रामपंचायत हद्दीत १० सेंट (सेंट म्हणजे एकराचा शंभरावा भाग), शहरात ५ सेंट एवढी मुभा मिळू शकते. कुठली जमीन भाताची आहे याची गाववार यादी करायची समिती स्थानिक असते, तिच्यात कृषी अधिकारी आणि शेतकरी बसतात. पळवाटा तिथेही निघाल्या, कज्जे झाले. पण निदान घर बांधणारा आणि प्लॉट पाडणारा एकाच रांगेत उभे नसतात.

आणि शेतकऱ्यालाच फायदा मिळावा हा खरा हेतू असेल तर त्याचीही वाट आपल्याच राज्यात दिसलेली आहे. पुण्यात हडपसरला मगर आडनावाच्या आणि शेजारच्या शेतकरी कुटुंबांनी सुमारे ४०० एकर जमीन एकत्र केली, विकून टाकली नाही, स्वतःच कंपनी काढली आणि जमिनीच्या प्रमाणात भागधारक झाले. मगरपट्ट्याबद्दल कोणाला काय म्हणायचे ते म्हणो, तिथली शेती गेली हे खरेच आहे, पण भाववाढ मूळ मालकांच्या घरात राहिली. नगररचना योजनेतही जमिनी एकत्र करून रस्ते-शाळांची जागा काढून उरलेले अंतिम भूखंड मूळ मालकालाच परत मिळतात. १९१५ च्या कायद्यापासून ही पद्धत आपल्याकडे आहे, गुजरातने ती वापरून शहरे वाढवली. तुमच्याच अधिनियमात तिचे आख्खे प्रकरण आहे. गटागटाचे फेरबदल मंजूर करताना ते प्रकरण कोणी उघडत का नाही? त्यात मेहनत आहे आणि मधल्या माणसाला जागा नाही, या दोन कारणांपलीकडे मला तरी तिसरे सुचत नाही.

सुनावणीबद्दल दोन शब्द. समितीपुढे हरकतदाराला मिळतात जेमतेम दोन-तीन मिनिटे. समोर बसलेल्यांपैकी एक जण यादीत खूण करतो, एक फोन बघतो, एक खरोखर ऐकतो. पुढे अहवालात सगळ्यांच्या नावापुढे सारखीच ओळ छापून येते : ‘हरकतीत तथ्य आढळत नाही, सबब अमान्य.’ तथ्य का आढळले नाही, ते एका वाक्यात लिहायला कायद्याची बंदी नसावी. ज्यांनी चारीचा नकाशा जोडला होता त्यांना निदान चारीबद्दल उत्तर द्या.

तेव्हा माझ्या मागण्या अशा. प्रत्येक फेरबदलाच्या सूचनेबरोबर त्या गटाचा दहा वर्षांचा मालकीचा प्रवास आणि जलसंपदा खात्याचा अभिप्राय संकेतस्थळावर टाकावा, आणि तो नसेल तर हरकतींची मुदत सुरूच होऊ नये. लाभक्षेत्रातली जमीन गटागटाने वगळणे बंद करावे. वगळायचीच वेळ आली तर पूर्ण वितरिकेचा विचार व्हावा, पाणीवापर संस्थेचा ठराव लागावा आणि चारीची जागा नकाशावर अबाधित राहावी. नुसत्या बंगलो प्लॉटसाठी विभाग बदलू नये. एकरी किमान किती घरे व्हावीत हे मंजुरीच्या आदेशातच लिहावे. विभाग बदलल्यापासून पाच वर्षांत घरे उभी राहिली नाहीत तर जमीन आपोआप शेती विभागात परत जावी, आणि विभाग बदलासाठी भरलेले अधिमूल्य (प्रीमियम) परत मिळू नये. हे शेवटचे कलम तुमच्या विधी खात्याला अवघड वाटेल. पण पाच वर्षे रिकामा पडलेला पिवळा रंग कोणाच्या घराची गरज भागवत होता, ते त्यांनीच सांगावे.

गावठाण विस्तार आणि गुंठाधारकांच्या घरांचे काम याच्यात मिसळू नका. ते आधी करा, त्यासाठी कोणाची हरकत येणार नाही. माझी तर नाहीच.

गेल्या दोन वर्षांत तुमच्या खात्याने शेती विभागातून रहिवास विभागात घेतलेल्या सगळ्या गटांची यादी, त्यांच्या फेरफारांसह, मी माहिती अधिकारात मागत आहे. अर्ज या पत्रासोबत वेगळा टपालाने पाठवला आहे, शुल्काचा मुद्रांक लावून. उत्तर देण्याची कायदेशीर मुदत ३० दिवस आहे, म्हणजे हरकतदाराला मिळते साधारण तेवढीच. यादी आली की ती जशीच्या तशी लोकांसमोर ठेवीन.

आपला,
एक हरकतदार